डिस्टिलरीसाठी ईएक्स विद्युत उपकरणे निवडताना: झोनपासून ग्लँडपर्यंत

'एफएलपी मोटर, १५ किलोवॉट, ४ पोल' एवढीच ओळ चौकशीपत्रात लिहिली तरी कोटेशन येते, मोटर येते, बसते आणि चालतेही. ती त्या जागेला योग्य आहे का, हे मात्र कोणी ठरवलेलेच नसते. एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ, हा ईएक्स (स्फोटक वातावरणासाठीच्या) उपकरणांच्या एका संरक्षण पद्धतीचा बोलीतला उल्लेख आहे: आतला स्फोट आतच रोखणारे आवरण. कोणता वायू, कोणता झोन (स्फोटक मिश्रण किती वेळ असते त्यावरून ठरवलेला भाग), किती तापमान, यांतले काहीच त्यातून कळत नाही.

इथे उदाहरण घेतले आहे साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीचे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून अहिल्यानगर, सोलापूरपर्यंत अशा आसवन्या आहेत. इथेनॉलच्या मागणीमुळे त्यांत नवे कॉलम, नव्या टाक्या, नवे लोडिंग बे उभे राहिले आहेत. एकाच आवारात इथेनॉलची वाफ, बायोगॅस आणि साखरेची धूळ असे तीन वेगळे धोके असल्याने निवडीचे बहुतेक सगळे प्रश्न इथे भेटतात. सॉल्व्हंट वापरणाऱ्या रसायन कारखान्यालाही हीच रीत लागू पडते, फक्त आकडे बदलतात.

आधी पदार्थ

जागेवर जे जे ज्वलनशील आहे त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा: फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवावरची वाफ पेटू शकते ते), स्फोटाची खालची व वरची मर्यादा, हवेच्या तुलनेत वाफेची घनता, स्वयंप्रज्वलन तापमान आणि वायुगट (स्फोटाची ज्वाला किती अरुंद फटीतून बाहेर पडते त्यावरून केलेला गट). शेवटचे दोन आकडे उपकरण ठरवतात, पहिले तीन झोन ठरवतात. वायुगट आणि तापमान वर्गासाठी (उपकरणाच्या पृष्ठभागाची कमाल मर्यादा, टी१ ते टी६) आयईसी ६००७९-२०-१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकातला तक्ता बघा. सेफ्टी डेटा शीटवर वायुगट बहुधा नसतोच.

इथेनॉलचे आकडे असे: फ्लॅश पॉइंट सुमारे १२ अंश सेल्सिअस, स्फोट मर्यादा ३.१ ते १९ टक्के, वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. फ्लॅश पॉइंट १२ म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर उघड्या पृष्ठभागावर पेटण्याजोगी वाफ असणारच. वाफ जड असल्याने ती केबल ट्रेंच, पंपाचा खड्डा, गटार यांत उतरून बसते.

इथे पेट्रोलच्या अनुभवावर जाऊ नका. बंद टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट होते की ती सहसा वरच्या मर्यादेच्या पलीकडे जाते. इथेनॉलच्या टाकीत साधारण १२ ते ४० अंशांच्या दरम्यान द्रवावरची हवा नेमकी स्फोटक पट्ट्यात असते, म्हणजे आपल्या हवामानात जवळजवळ कायम. टाकीतल्या लेव्हल उपकरणाची निवड म्हणूनच सगळ्यांत काटेकोर हवी.

आता वायुगट. सुरक्षित फटीच्या चाचणीत इथेनॉलची फट ०.८९ मिलिमीटर येते. फट जितकी लहान तितका गट कडक: टू-ए, मग टू-बी, मग टू-सी. टू-ए आणि टू-बी गटांची सीमा ०.९ वर आहे, म्हणून इथेनॉल केसभराने टू-बी मध्ये पडते. अमेरिकी पद्धतीत ते ग्रुप डी मध्ये आहे आणि तो गट ढोबळमानाने टू-ए शी जुळतो. त्या गणिताने घेतलेल्या टू-ए च्या मोटरी अजूनही काही ठिकाणी दिसतात. नवी खरेदी टू-बी चीच करा.

तापमान वर्गाबाबत एकट्या इथेनॉलला टी२ पुरतो, म्हणजे पृष्ठभाग ३०० अंशांच्या आत. पण डिस्टिलरीत एकटे इथेनॉल नसते. अ‍ॅल्डिहाइड कॉलमच्या माथ्यावरून येणाऱ्या अशुद्ध स्पिरिटमध्ये असेटाल्डिहाइड असते आणि ते १३५ ते २०० अंशांच्या दरम्यानच पेट घेते, म्हणजे टी४. त्याचा वायुगट टू-ए आहे. गट इथेनॉलने ठरवला आणि तापमान असेटाल्डिहाइडने, की सगळ्या प्लांटसाठी एकच वाक्य तयार होते: टू-बी, टी४.

'सगळीकडे टी६ मागून टाका' हा सल्ला वारंवार ऐकू येतो. टी६ म्हणजे ८५ अंश. तो खरोखर लागतो कार्बन डायसल्फाइडसारख्या मोजक्या पदार्थांना. मोटरला टी६ मागितले तर फ्रेम मोठी होते, किंमत वाढते, डिलिव्हरी लांबते आणि सुरक्षिततेत इथे काही भर पडत नाही. तोच पैसा चांगल्या ग्लँडवर (केबल आवरणात शिरते तिथल्या जोडावर) खर्च करा.

बायोगॅसमधला मिथेन टू-ए, टी१ आहे. सोबतचा हायड्रोजन सल्फाइड टू-बी, टी३. वरच्या टू-बी, टी४ मध्ये दोन्ही सामावतात. तिथला खरा त्रास गंजाचा आहे, कारण हायड्रोजन सल्फाइड तांबे आणि चांदीचे संपर्क खातो. आणखी एक गैरसमज: बायोगॅस हलका, वर निघून जातो. साठ टक्के मिथेन आणि चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण घनतेने हवेच्या सुमारे ०.९४ पट असते, म्हणजे जवळजवळ हवेइतकेच. ते फारसे वर धावत नाही. झोन चारही बाजूंनी काढा.

झोन, आणि झोन चुकवणे

झोन ० म्हणजे स्फोटक मिश्रण कायम किंवा दीर्घकाळ, झोन १ म्हणजे नेहमीच्या कामात अधूनमधून, झोन २ म्हणजे बिघाड झाला तरच आणि तेही थोडा वेळ. रेखाटनासाठी आयएस ५५७२ (भारतीय प्रमाणक) आणि आयईसी ६००७९-१०-१ वापरतात. तेल उद्योगात त्यांच्या सुरक्षा संचालनालयाचे ओआयएसडी-११३ चालते. नेहमी दिसणारे अंतर असे: टाकीच्या आत झोन ०, व्हेंटच्या तोंडाभोवती दीड मीटर झोन १, त्यापुढे तीन मीटरपर्यंत झोन २, टाकीभोवतीच्या डाइकमध्ये (गळती अडवणाऱ्या बांधाच्या आत) भिंतीच्या उंचीपर्यंत झोन २. झोन २ मधला जमिनीखालचा खड्डा झोन १ धरायचा. हे सुरुवातीचे आकडे झाले. पंपाचे सील, दाब, वायुवीजन बघून तुमच्या जागेचे रेखाटन प्रोसेस, विद्युत आणि सेफ्टी या तिघांनी एकत्र बसून करायला हवे. एकट्या विद्युत विभागाने काढलेल्या रेखाटनात सॅम्पलिंग पॉइंट आणि ड्रेन हटकून राहतात.

रेखाटन हातात आले की पहिला प्रश्न: हे उपकरण इथे हवेच का? व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पॅनल, एमसीसी (मोटर नियंत्रण पॅनल), जंक्शन बॉक्सची रांग, कामगारांसाठीचा चार्जिंग पॉइंट यांतले निम्मे तरी पाच-दहा मीटर सरकवून सुरक्षित क्षेत्रात नेता येते. साध्या पॅनलची देखभाल कोणताही इलेक्ट्रिशियन करू शकतो. फ्लेमप्रूफ पॅनलचे चाळीस बोल्ट दर वेळी उघडून पुन्हा नीट लावले जातील, यावर विसंबू नका.

प्लेट कशी वाचायची

प्लेटवर 'ईएक्स डीबी टू-बी टी४ जीबी' असे असेल (टू हा रोमन आकड्यात कोरलेला असतो), तर त्याचे चार तुकडे करा. डीबी ही संरक्षण पद्धत, टू-बी वायुगट, टी४ तापमान वर्ग, जीबी संरक्षण पातळी. पातळी झोनशी थेट जुळते: झोन ० ला जीए, झोन १ ला जीबी, झोन २ ला जीसी. वरची पातळी खालच्या झोनमध्ये चालते, उलटे कधीच नाही. धुळीसाठी हीच अक्षरे डीए, डीबी, डीसी अशी येतात. म्हणजे 'डीबी' दोन ठिकाणी दोन अर्थांनी येते. ईएक्सच्या लगेच पुढे असेल तर ती फ्लेमप्रूफ पद्धत, शेवटी असेल तर धुळीची पातळी. घाईत वाचणारा इथे फसतो.

जुन्या प्लेटवर नुसते 'डी' किंवा 'एनए' दिसेल. नव्या आवृत्तीत 'डी' चे डीबी झाले आणि 'एनए' ची (झोन २ साठीची, ठिणगी न करणारी पद्धत) जागा ईसी ने घेतली.

चौकटी कंसात लिहिलेली खूण, उदाहरणार्थ कंसात ईएक्स आयए (आयए ही इंट्रिन्सिक सेफ पद्धत: ठिणगी पडली तरी वायू पेटणार नाही इतकीच ऊर्जा), म्हणजे ते उपकरण स्वतः सुरक्षित क्षेत्रात बसवायचे आहे. त्यातून निघणारी वायर तेवढी धोकादायक क्षेत्रात जाऊ शकते. बॅरियर आणि आयसोलेटर (धोकादायक क्षेत्रात जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणारी उपकरणे) यांवर ही खूण असते. कंस न बघता आयसोलेटर थेट फील्डच्या बॉक्समध्ये बसवल्याचे प्रकार घडतात.

वेदरप्रूफ आणि फ्लेमप्रूफ यांची गल्लत अजून संपलेली नाही. आयपी ६५ किंवा ६६ म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण. आतला स्फोट आतच रोखण्याची त्यात कसलीही हमी नाही.

कुठे कोणती पद्धत

पंप आणि मोटर. झोन १ मध्ये ईएक्स डीबी मोटर हा आपल्याकडचा रुळलेला पर्याय आहे. टर्मिनल बॉक्स डीबी किंवा ईबी (ठिणगी आणि जास्त ताप मुळातच होऊ न देणारी पद्धत), दोन्ही मिळतात. ईबी बॉक्स उघडणे-लावणे सोपे असते आणि त्यात फ्लेमपाथ (ज्वाला विझवणारी अरुंद, मापात ठेवलेली फट) नसतो. झोन २ मध्ये ईसी मोटर चालते आणि ती बरीच स्वस्त पडते. तरीही पाच-सहा मोटरींच्या छोट्या युनिटमध्ये सगळ्या डीबीच घ्या: स्टोअरमधली सुटी मोटर कोणत्याही जागी बसवता येते आणि चुकून ईसी मोटर झोन १ मध्ये जात नाही.

ईबी मोटर घेतलीच तर तिच्या प्लेटवरचा 'टीई' काळ बघा. रोटर अडकला तर किती सेकंदांत ती मर्यादेबाहेर तापेल, ते तो सांगतो. ओव्हरलोड रिलेने त्याआधी ट्रिप व्हायला हवे. समजा सुरुवातीचा करंट पूर्ण भाराच्या ६ पट आहे आणि टीई १० सेकंद. तर रिलेच्या वक्रावर ६ पटीला थंड स्थितीत ट्रिप होण्याची वेळ १० सेकंदांपेक्षा कमी असली पाहिजे. जास्त असेल तर रिले बदला. सेटिंग वाढवून 'ट्रिप होत नाही' म्हणून समाधान मानू नका.

व्हीएफडीवर चालणारी मोटर हा वेगळा विषय आहे आणि निवडीत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. कमी वेगाला मोटरचा स्वतःचा पंखा हवा कमी देतो, हार्मोनिकमुळे तापमान वाढते, शाफ्टमधून बेअरिंगकडे करंट जातो. म्हणून प्रमाणपत्रात 'कन्व्हर्टरवर वापर' हे स्पष्ट हवे, वेगाची आणि टॉर्कची मर्यादा दिलेली हवी. डीबी मोटरमध्ये वाइंडिंगला थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) हवेत आणि ते खरोखर ट्रिप सर्किटला जोडलेले हवेत. थर्मिस्टरच्या वायरी टर्मिनल बॉक्समध्ये गुंडाळून टेप लावून ठेवलेल्या अनेकदा सापडतात. ईबी मोटर तर त्याच प्रकारच्या ड्राइव्हसह एकत्र तपासलेली लागते. आज थेट स्टार्टर आणि पुढच्या वर्षी व्हीएफडी बसवायचा बेत असेल तर तो आजच्या चौकशीपत्रातच लिहा.

दिवे आणि पुश बटन. झोन १ मध्ये डीबी किंवा ईबी-एमबी जोडीचे (एमबी म्हणजे भाग रेझिनमध्ये बंद केलेले) एलईडी दिवे चालतात. एलईडी दिव्याचा तापमान वर्ग भोवतालच्या तापमानाबरोबर बदलतो: एकाच मॉडेलला ४० अंशांना टी६ आणि ५५ अंशांना टी५ असे दोन आकडे असू शकतात. आपल्या वापराला दोन्ही चालतात, पण प्लेटवर कोणता छापून येणार ते आधीच विचारा.

टाकीतली उपकरणे. झोन ० मध्ये जीए लागतेच. लेव्हल ट्रान्समीटर, ओव्हरफिल स्विच यांसाठी ईएक्स आयए घ्या. ट्रान्समीटरचा काही भाग टाकीत आणि डोके बाहेर असल्याने प्लेटवर 'जीए/जीबी' अशी जोडखूण दिसेल. ती असेल तरच ते उपकरण झोनच्या सीमेवर बसवण्यासाठी तपासलेले आहे असे समजा.

साधा पीटी-१०० (तापमान सेन्सर) किंवा ड्राय कॉन्टॅक्ट लिमिट स्विच स्वतःहून दीड व्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि २५ मिलिवॉट यांपेक्षा जास्त निर्माण करू शकत नसेल, तर 'सिंपल अ‍ॅपरेटस' म्हणून प्रमाणपत्राशिवाय चालतो. पण बॅरियर किंवा आयसोलेटरमागेच. सरळ पीएलसीच्या कार्डाला जोडला तर ती सवलत संपली.

इंट्रिन्सिक सेफ लूपचे गणित

आयसोलेटर आणि ट्रान्समीटर दोन्ही प्रमाणित आहेत, एवढ्याने लूप प्रमाणित होत नाही. प्रत्येक लूपसाठी पाच तुलना कराव्या लागतात. खाली यू म्हणजे व्होल्टेज, आय म्हणजे करंट, पी म्हणजे पॉवर; शेवटी 'ओ' असेल तर आयसोलेटर देऊ शकतो ते कमाल, शेवटी 'आय' असेल तर ट्रान्समीटर सोसू शकतो ते कमाल. आयसोलेटरचा यूओ ट्रान्समीटरच्या यूआयपेक्षा जास्त नसावा, आयओ आयआयपेक्षा, पीओ पीआयपेक्षा. उरलेल्या दोन तुलना कपॅसिटन्स आणि इंडक्टन्सच्या: उपकरणाचा आणि केबलचा मिळून आयसोलेटरच्या सीओ आणि एलओच्या (कपॅसिटन्स आणि इंडक्टन्सच्या परवानगीच्या कमाल आकड्यांच्या) आत यायला हवा.

उदाहरण घ्या. आयसोलेटर २८ व्होल्ट, ९३ मिलिअँपिअर, ०.६५ वॉटचा. त्याचा सीओ टू-सी गटाला ८३ नॅनोफॅरड, टू-बी ला ६५० नॅनोफॅरड. ट्रान्समीटरचा यूआय ३० व्होल्ट, आयआय १०० मिलिअँपिअर, पीआय ०.७५ वॉट, सीआय (त्याचा स्वतःचा कपॅसिटन्स) १० नॅनोफॅरड, एलआय (स्वतःचा इंडक्टन्स) जवळजवळ शून्य. केबल टँक फार्मपासून कंट्रोल रूमपर्यंत ४०० मीटर. केबलचे आकडे हाती नसतील तर प्रमाणकानुसार मीटरला २०० पिकोफॅरड आणि १ मायक्रोहेन्री धरायचे. केबलचा कपॅसिटन्स ८० नॅनोफॅरड, उपकरणासह ९०. टू-सी च्या ८३ ला हा लूप नापास, टू-बी च्या ६५० ला आरामात पास. केबलचा इंडक्टन्स ०.४ मिलिहेन्री होतो, तोही आयसोलेटरच्या एलओशी ताडून बघा.

'टू-सी म्हणजे वरचा गट, तोच घ्या, सगळ्यात बसेल' हा विचार इथे अडचणीत आणतो. उपकरण टू-सी चे असले तरी लूपचे गणित जागेच्या गटाने, म्हणजे टू-बी ने करता येते. ते तसे केले आहे हे लूप कागदावर नोंदवा, नाहीतर पुढचा तपासनीस ८३ चा आकडा बघून लूप नाकारेल. केबलसोबत उपकरणातही कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स दोन्ही लक्षणीय असतील (सीओ-एलओच्या एक टक्क्याहून जास्त), तर परवानगीचे आकडे निम्मे धरावे लागतात.

झेनर बॅरियर वापरत असाल तर त्याचा अर्थ बार मुख्य अर्थ बिंदूला एक ओहमपेक्षा कमी रोधाने जोडलेला हवा. गॅल्व्हॅनिक आयसोलेटरला ही अट नाही. ज्या कारखान्यात अर्थ पिटांची देखभाल पावसाळ्याच्या भरवशावर चालते, तिथे आयसोलेटरच घ्या. जंक्शन बॉक्समध्ये इंट्रिन्सिक सेफ आणि साधी टर्मिनल्स यांच्यात किमान ५० मिलिमीटर अंतर ठेवा, आणि निळी केबल इतर कशासाठी वापरू नका.

भोवतालचे तापमान

प्लेटवर भोवतालचे तापमान लिहिलेले नसेल तर ते उणे २० ते अधिक ४० अंश असे धरले जाते. सोलापूर, मराठवाडा, विदर्भात मे महिन्यात सावलीतच ४० ओलांडते. म्हणजे खूण नसलेले उपकरण त्या दिवसांत प्रमाणपत्राबाहेर चालत असते. चौकशीपत्रात 'भोवतालचे कमाल तापमान ५० अंश' असे लिहा आणि प्लेटवर टीए (भोवतालचे तापमान) ५० आल्याची खात्री करा. उघड्यावरच्या उपकरणांना छत्री लावा, ऊन थेट पडले तर आवरण भोवतालपेक्षाही तापते.

प्रोसेसची उष्णता वेगळी मोजा. मॉलिक्युलर सीव्हकडे (इथेनॉलमधले उरलेले पाणी काढणाऱ्या भागाकडे) जाणारी अतितप्त वाफ शंभर अंशांच्या वर असते. त्या लाइनला खेटून बसवलेल्या ट्रान्समीटरचे डोके टीएच्या बाहेर जाते. एक्स्टेन्शन नेक घ्या किंवा रिमोट माउंट करा. केबल एंट्रीपाशी ७० अंशांहून जास्त किंवा आतल्या कोअरच्या फाट्यापाशी ८० अंशांहून जास्त तापमान होत असेल तर निर्मात्याला ते प्लेटवर लिहावे लागते. ती ओळ दिसली तर साधी पीव्हीसी केबल चालणार नाही, जास्त तापमानाची घ्या.

साखरेची धूळ

७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जण मेले. ग्रेडर, हॉपर, एलिव्हेटर आणि पॅकिंग हाउस यांना धुळीचे झोन लागतात: २०, २१, २२ (वायूच्या ०, १, २ सारखेच). साखर थ्री-बी (वीज न वाहणाऱ्या धुळीच्या) गटात येते.

वायूसाठीचे डीबी उपकरण धुळीला आपोआप चालत नाही. फ्लेमप्रूफ जोडातून धूळ आत जाऊ शकते आणि आवरणावर बसलेला थर उष्णता कोंडतो. इथे 'टी' पद्धतीचे (धूळ आत न येऊ देणारे) आवरण घ्या: झोन २१ ला टीबी, आयपी ६एक्स, झोन २२ ला टीसी, साखरेसाठी आयपी ५एक्स पुरते. प्लेटवर तापमान अंशांत लिहिलेले असते, उदाहरणार्थ 'टी १२५ अंश'.

कमाल पृष्ठ तापमान दोन अटींनी ठरते. धुळीच्या ढगाच्या प्रज्वलन तापमानाच्या दोन तृतीयांश, आणि ५ मिलिमीटर थराच्या प्रज्वलन तापमानातून ७५ अंश वजा. त्यांतला लहान आकडा घ्यायचा. समजा एखाद्या धुळीला ढगासाठी ३६० आणि थरासाठी २८० आले. पहिली अट २४०, दुसरी २०५. मर्यादा २०५. थर ५ मिलिमीटरहून जाड होऊ दिलात तर हे गणितच लागू राहत नाही. झाडलोट हा इथे विद्युत निवडीचाच भाग होतो.

चौकशीपत्रात काय लिहावे

लोडिंग पंपाच्या मोटरसाठी हा मजकूर पुरेसा होईल: '१५ किलोवॉट, ४ पोल, ४१५ व्होल्ट, ईएक्स डीबी टू-बी टी४ जीबी, भोवतालचे तापमान ५० अंश, आयपी ५५ किंवा वर, उघड्यावर, व्हीएफडीवर २० ते ५० हर्ट्‌झ, थर्मिस्टर, केबल ३.५ कोअर आर्मर्ड, एंट्री एम थ्रेड, पेसो मान्यतापत्र आणि चाचणी प्रमाणपत्र कोटेशनसोबत.' शेवटची अट महत्त्वाची आहे. ऑर्डर दिल्यावर मागितलेले प्रमाणपत्र भलत्याच मॉडेलचे निघाले तर माल परत पाठवणे कठीण जाते.

प्रमाणपत्र तपासणे

नागपूरला मुख्यालय असलेली पेसो (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) पेट्रोलियम नियम २००२ खाली धोकादायक क्षेत्रातल्या विद्युत उपकरणांना मान्यता देते. चाचणी धनबादच्या सिम्फरसारख्या (खाण व इंधन संशोधन संस्था) प्रयोगशाळेत होते. खाणींसाठी डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालय) वेगळी मान्यता लागते. आयात मालासोबत एटेक्स (युरोपीय) किंवा आयईसीईएक्स (आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र येते. ते चांगलेच आहे, पण पेसोच्या पत्राची जागा घेत नाही. आयईसीईएक्सचे प्रमाणपत्र त्यांच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून कोणालाही बघता येते, तेव्हा पुरवठादाराच्या पीडीएफवर थांबू नका. एटेक्समध्ये कॅटेगरी ३, म्हणजे झोन २ चे उपकरण निर्माता स्वतःच्या घोषणेवर विकू शकतो. त्यामागे त्रयस्थ चाचणी असेलच असे नाही.

कागद हातात घेतल्यावर मॉडेल क्रमांक अक्षर-अक्षर जुळवा. प्रत्यय वेगळा असेल तर ते वेगळे उपकरण आहे. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी 'एक्स' अक्षर असेल तर वापराच्या खास अटी आहेत: ठोकर लागू न देणे, स्थिर विद्युतामुळे फक्त ओल्या फडक्याने पुसणे, फ्लेमपाथची दुरुस्ती निर्मात्यालाच विचारून करणे, असल्या. त्या अटी देखभाल विभागाच्या हातात गेल्या नाहीत तर त्यांचा उपयोग शून्य. शेवटी 'यू' असेल तर तो सुटा घटक आहे. 'यू' प्रमाणपत्राचा रिकामा बॉक्स विकत घेऊन त्यात स्थानिक पॅनलवाल्याकडून एमसीबी आणि कॉन्टॅक्टर बसवून घेतला, तर तयार झालेल्या पॅनलला कोणतेच प्रमाणपत्र नसते. बाजारात हे सर्रास चालते.

ग्लँड, केबल आणि रिकामी भोके

उत्तम मोटर घेऊन तिचे संरक्षण एंट्रीपाशी घालवणे अगदी सोपे आहे. डीबी आवरणाला डीबी प्रमाणित डबल कॉम्प्रेशन ग्लँड लागतो. आतला सील केबलच्या आतल्या शीथवर बसतो आणि ज्वाला रोखतो, बाहेरचा पाणी रोखतो.

इथे आपल्या केबलचा एक जुना घोळ आहे. आयएस १५५४ आणि आयएस ७०९८ ही केबलची भारतीय प्रमाणके आतली शीथ एक्स्ट्रूडेड किंवा टेपने गुंडाळलेली अशी दोन्ही तऱ्हेने बनवू देतात. गुंडाळलेल्या शीथवर सील नीट बसत नाही आणि दाबाखाली गरम वायू कोअरच्या फटींतून निसटू शकतो. खरेदीत 'इनर शीथ एक्स्ट्रूडेड, केबल गोल, फिलर पाणी न शोषणारा' असे लिहा. सीलिंग रिंगचा ग्लँड वापरायचा तर अशी भरीव केबल हवी आणि तिची लांबी किमान ३ मीटर हवी. केबल यांत बसत नसेल तर रेझिन भरायचा बॅरियर ग्लँड घ्या.

ग्लँडचा आकार कॅटलॉगवरून ठरवू नका. आलेल्या केबलचा बाहेरचा व्यास, आर्मरखालचा व्यास आणि आर्मरच्या तारेची जाडी व्हर्नियरने मोजा, मग ऑर्डर द्या. थ्रेड तपासा: एम२० आणि पाऊण इंची ईटी (जुना इंची इलेक्ट्रिकल थ्रेड) हाताने दोन फेरे फिरतात, 'बसला' असे वाटते आणि तिसऱ्या फेऱ्याला अडकतात. डीबी मध्ये किमान पाच पूर्ण आटे गुंतलेले हवेत. आटे जुळत नसतील तर प्रमाणित अ‍ॅडॅप्टर लावा, एका एंट्रीला एकच. रिड्यूसरवर रिड्यूसर चढवणे चालत नाही.

न वापरलेल्या भोकांत कारखान्यातून येणारे लाल-पिवळे प्लॅस्टिकचे बूच फक्त वाहतुकीसाठी असतात. त्यांच्या जागी प्रमाणित धातूचा प्लग लावा. आणि जागेवर नवे भोक कधीही पाडू नका. जास्त एंट्री हव्या असतील तर त्या ऑर्डर देतानाच सांगा.

फ्लेमप्रूफ फ्लँजच्या जोडासमोर भिंत, पाइप किंवा स्ट्रक्चर फार जवळ येऊ देऊ नका: टू-ए ला १०, टू-बी ला ३०, टू-सी ला ४० मिलिमीटर मोकळे हवेत. जोडात गॅस्केट, सिलिकॉन सीलंट, रंग काहीही नको. न गोठणारे ग्रीस पातळ लावा. पावसाचे पाणी येते म्हणून जोडात सीलंट भरतात; त्याचा खरा उपाय म्हणजे मूळ डिझाइनमध्ये ओ-रिंग असलेले आयपी ६६ चे आवरण घेणे. आत दव साचत असेल तर प्रमाणित ब्रीदर-ड्रेन लावा.

चालू करण्याआधी आणि नंतर

आयईसी ६००७९-१७ नुसार पहिली तपासणी 'डिटेल्ड' प्रकारची असते: आवरण उघडून, प्रमाणपत्र हातात घेऊन, टॅगनुसार. त्यानंतर दोन नियतकालिक तपासण्यांत तीन वर्षांहून जास्त अंतर नको. डिस्टिलरीतल्या गंजट हवेत ते कमीच ठेवा. प्रत्येक बोल्ट जागेवर आहे का, हे पहिल्यांदा बघा. आठांपैकी एक बोल्ट नसेल तरी ते आवरण फ्लेमप्रूफ राहत नाही. हरवलेल्या बोल्टच्या जागी त्याच ग्रेडचा आणि तेवढ्याच लांबीचा लावा, हार्डवेअरच्या दुकानातला साधा नको.

मोटर जळली की नेहमीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे जाते, आणि तिथे तिचे प्रमाणपत्र कामातून जाऊ शकते. बेअरिंग काढताना एंड शील्डच्या स्पिगॉटवर हातोड्याचे घाव बसतात. शाफ्ट घासलेला असतो म्हणून बुश वाढवतात आणि शाफ्टची फट बदलते. व्हार्निश फ्लेमपाथवर ओघळते आणि सँडपेपरने घासले जाते. वाइंडिंगची तार आणि फेरे बदलले की तापमान वर्ग बदलतो. थर्मिस्टर पुन्हा बसवलाच जात नाही. आयईसी ६००७९-१९ प्रमाणे काम करणारे आणि फटी मोजून नोंद देणारे केंद्र आधीच शोधून ठेवा. दुरुस्तीनंतर फ्लेमपाथच्या मापांचा कागद आणि दुरुस्तीची प्लेट मागा. प्रमाणपत्रातल्या मापांशी जुळत नसेल तर ती मोटर सुरक्षित क्षेत्रातल्या पंपाला वापरा आणि तिच्यावरची ईएक्स प्लेट काढून टाका, म्हणजे दोन वर्षांनी कोणी तिला स्टोअरमधून उचलून पुन्हा लोडिंग बेवर बसवणार नाही.